टोपणाच्या आतला रंग

"हे ते पेन नाही," ओफेलिया बेन्तान्कोर फोनवर म्हणाली.

पलीकडे डॉक्टर एचेगोयेन खाकरले. एचेगोयेन वकील. पण मोन्तेविदेओत वकिलालाही डॉक्टरच म्हणतात; बरं कुणाला करत नाहीत, तो भाग वेगळा. 'ला कोलुम्ना' क्लबचे ते अध्यक्ष होते आणि झोपेतसुद्धा अध्यक्षच असावेत असा त्यांचा आवाज होता.

"नाही म्हणजे काय?"

"नाही म्हणजे नाही. तुमच्या काचेच्या पेटीत डॉन सातुर्निनोचं पेन होतं. हे दुसरंच आहे. कुणीतरी बदललंय."

"पेन घेऊन कोण आलंय?"

"निबिया. तुमच्या क्लबची..."

"ती तिथेच आहे? पेटीची किल्ली तिच्याकडेच असते! सव्वीस वर्षं साप पाळला आम्ही. मी आत्ताच फलकावर नोटीस लावतो. आज सहाला सभा आहे, तिथेच निकाल. मग पोलीस."

फोन आपटला. ओफेलियाने हातातल्या रिसिव्हरकडे पाहिलं. उभं आयुष्य तिने तोंडाला येईल ते बोलण्यात घालवलं होतं, आणि आज पहिल्यांदा आपल्याच तोंडाचा तिला संताप आला.

समोर स्टुलावर निबिया तेचेरा बसली होती. वय एकसष्ट, अंगात जुना निळा कोट, मांडीवर रिकामी पिशवी. क्लबची झाडलोट, किल्ल्या, चहापाणी सगळं तिच्याकडे. क्लबच्या मागच्या खोलीत ती राहायची. दुसरं घर नव्हतं.

"काय म्हणाले साहेब?"

"तुला चोर म्हणाले."

निबियाने मान हलवली. रडली नाही. "सकाळी मी इथे आले तेव्हा नव्हते हो चोर. तुम्ही फोन केलात आणि झाले."

ओफेलियाने रिसिव्हर जागेवर ठेवला.

"नोकरी जाऊ दे," निबिया म्हणाली, "पण खोलीही जाणार. आणि या वयात लोक म्हणणार, ती बघा, पेनचोर. सहा वाजेपर्यंत काही होईल का, बाई?"

"होईल. माझ्या तोंडाने झालंय, मीच निस्तरणार."

ओफेलियाने बोटातली चांदीची अंगठी काढून खिडकीजवळच्या बशीत टाकली. एबोनाइटला हात लावण्याआधी ती हे न चुकता करायची.

"अंगठी का काढता?"

"काळी पडते."

एबोनाइट म्हणजे गंधक घालून शिजवलेलं कडक रबर. नवं असताना काळं कुळकुळीत, पुढे विटून चहासारखं तपकिरी होतं. ते पुन्हा काळं करायचं हा ओफेलियाचा धंदा. पेनं, क्लॅरिनेटची तोंडं, चिरूटाच्या नळ्या, जुन्या फोनचे कर्णे. ती अंगठ्याने, बारीक पेस्ट लावून, तास न् तास घासायची. बाकीचे लोक बुटाचं पॉलिश फासतात नाहीतर मशीनवर धरून कोरलेली नक्षीच उडवतात. अशा लोकांबद्दल ओफेलिया जे बोलायची ते छापता येणार नाही.

तिने पेन दिव्याखाली फिरवलं. मूळ पेनासारखंच: तीच बनावट, तेच सोन्याचे दोन पट्टे, तीच क्लिप. सगळीकडून तपकिरी. पुढून, मागून, क्लिप जराशी उचलली तर तिच्या खालीसुद्धा. टोपण काढून आत बॅटरी मारली. आतही तपकिरी.

"गाढव," ती म्हणाली.

"मी?"

"तू नाही ग. ज्याने केलं तो."

तिने कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. डॉन सातुर्निनो इरासाबाल हे क्लबचे संस्थापक. त्यांनी ज्या पेनाने क्लबच्या घटनेवर सही केली, ते पेन तेव्हा निबसाठी तिच्याकडे आलं होतं. वहीत चित्र होतं आणि खाली तिच्या अक्षरात टीप: 'खिडकीच्या बाजूने तपकिरी, मागून काळं. उन्हातून हलवायला सांगितलं. हलवणार नाहीत. मूर्ख.'

"हलवलं का कधी?" तिने विचारलं.

"पेटी? नाही हो. अध्यक्षांचं म्हणणं, खिडकीतच शोभते."

ओफेलियाने कोट चढवला.

*

त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावर लालो अरोस्तेगीचं जुन्या वस्तूंचं दुकान. लालो कधी पूर्ण खरं बोलायचा नाही, पण पूर्ण खोटं बोलायचाही कंटाळा करायचा.

"हे तू विकलंस," ओफेलियाने पेन त्याच्या नाकासमोर धरलं.

"सुप्रभात तुम्हालाही. हे नाही विकलं. असलं एक विकलं, सहा आठवड्यांपूर्वी. पण ते काळं होतं. कुळकुळीत. मी स्वतः घासलेलं."

"म्हणजे नक्षी निम्मी उडवलेली. ही बघ, इथे. तुझाच हात."

लालोने चष्मा लावून पाहिलं आणि हसला. "हात ओळखता हो तुम्ही. पण याला झालं काय? असं मळकट कुणी केलं?"

"तेच विचारायला आले. कुणी घेतलं?"

"नाव विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पुरुष होता. टोपी, मफलर. जुलै होता, आपल्याकडे ऐन हिवाळा, सगळेच मफलरमध्ये."

"काही बोलला?"

"हो की. मला म्हणाला, एवढं काळं नको, जुनं दिसायला हवं. आता बोला! लोक माझ्याकडे काळं करायला येतात, हा पहिलाच तपकिरी करायला आलेला. मी म्हटलं, सोपं आहे, रात्रभर गरम पाण्यात ठेव. एबोनाइटला पाणी सोसत नाही, सकाळी चहाच्या रंगाचं होईल."

"आणि?"

"खूश झाला. काखेतला थर्मास थोपटून म्हणाला, गरम पाण्याची काय कमी!"

"काखेत थर्मास. वा. म्हणजे अर्धं मोन्तेविदेओ झालं."

"अर्धं नाही, सगळं," लालो म्हणाला. "मीही धरा त्यात."

खरंच होतं. या शहरात माणूस पँट विसरेल पण माते नावाचा काढा विसरणार नाही. तुंबा, त्यात ती कडू हिरवी पत्ती, शोषायला धातूची नळी, काखेत थर्मास. आणि हे सगळं ठेवायला खांद्याला कातडी पिशवी. ती घेऊन लोक बँकेत जातात, कोर्टात जातात, प्रेताला खांदा द्यायला जातात. पोलीसही त्या पिशवीत डोकावत नाही.

*

क्लबच्या फलकावर नोटीस लागली होती. 'चोरीच्या संशयावरून निबिया तेचेरा यांना कामावरून दूर करण्यात येत आहे.' खाली अध्यक्षांची सही, भली मोठी, वेलांट्यांसकट. सात-आठ सभासद ती वाचत उभे होते. ओफेलियाबरोबर निबिया आत येताच त्यांनी वाट सोडली, जणू तिला काही संसर्ग झालाय.

एचेगोयेन आपल्या खोलीत माते पीत बसले होते. हातातली चांदीची नळी लखलखत होती. चेहऱ्यावर जे तेज नव्हतं ते तिच्यात होतं.

"बाई, तुमचं काम संपलं. आता हे पोलिसांचं आहे."

"पोलिसांना दाखला लागेल, की पेन खोटं आहे. तो मी लिहून देणार. उत्तरं मिळाली तर."

अध्यक्षांनी नाक वर केलं. "विचारा."

"पेन घासायला द्यायचं कुणी ठरवलं?"

"मी. शंभरावं वर्ष आहे. पाहुणे येणार. पेन मळकं दिसतं."

"कुणाचा विरोध?"

"लामासचा. आमचे सचिव. नोटरी आहेत, हळवा माणूस. म्हणाले, जुन्याचा मान राखा, हात लावू नका. मी त्यांना गप्प केलं."

"पेटीची किल्ली कुठे असते?"

"निबियाकडे. सांगितलं ना!"

"निबियाकडे म्हणजे कुठे?"

"मला काय ठाऊक? तिच्या खिशात असेल."

"स्वयंपाकघरात," दारातून निबिया म्हणाली. "चुलीजवळच्या खिळ्याला. सव्वीस वर्षं तिथेच. साहेबांना माहीत नाही, कारण साहेब कधी स्वयंपाकघरात आलेच नाहीत. घंटी वाजवतात."

"उद्धट!" एचेगोयेन म्हणाले.

"पाणी कुठलं पिता?" ओफेलियाने विचारलं.

"काय?"

"मातेचं पाणी."

"इथलंच. ती गरम करून आणते. सगळे तेच पितात. याचा काय संबंध?"

"काही नाही. तहान लागली मला."

लामास वाचनालयात होते. फाब्रीसिओ लामास, मऊ आवाज, मऊ हात, इस्त्रीचा रुमाल. तिसाव्या वर्षापासून सभांची इतिवृत्तं लिहीत आलेले आणि आता साठीला टेकलेले. ओफेलियाला पाहताच उठले, खुर्ची दिली, खांद्यावरच्या कातडी पिशवीतून थर्मास काढून माते भरून पुढे केलं. अशी अदब आजकाल कुठे पाहायला मिळते!

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "गरीब बाई. पण मोह कुणाला सुटतो? मी म्हटलं होतं, पेनाला हात लावू नका. ऐकतं कोण."

ओफेलियाने एक घोट घेतला. नळी तोंडातून काढून पाहिली. चांदीचीच होती, नक्षीदार, पण काळवंडलेली, खालपासून वरपर्यंत.

"नळी घासत नाही वाटतं?"

"अहो, दर रविवारी घासतो! बुधवारपर्यंत पुन्हा तशीच. नळाचं पाणी. काय टाकतात देव जाणे."

"कुठला नळ?"

"इथलाच. घरी मी पीतच नाही, बायकोला वास सहन होत नाही. मात्र मी स्वतः जाऊन भरतो. निबिया पाणी उकळून ठेवते, आणि उकळलं की मातेचा नुसता चोथा. वाफ धरली की उतरवायचं. तिला सांगून थकलो."

"किती दिवस झाले अशी काळी पडून?"

"महिनाभर असेल. का?"

"सहज. चांगली नळी आहे, जीव तुटतो." ओफेलियाने माते परत दिलं. "धन्यवाद, पुरे झालं मला."

लामासनी तुंबा पिशवीत ठेवला, झाकण लावलं, पट्टा ओढून घट्ट केला आणि पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली. दहा पावलांवर कपाटातलं पुस्तक आणायला गेले तेव्हाही ती खांद्यालाच होती.

*

सहाला सभा भरली. वीसेक सभासद, सगळे थर्मास घेऊन. एचेगोयेन मंचावर. कोपऱ्यात निबिया उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

"पहिला विषय," अध्यक्ष म्हणाले, "चोरी. बाई, दाखला द्या आणि जा."

"दाखला तोंडी देते." ओफेलिया पुढे आली. "हे पेन खोटं आहे. पण ज्याने बदललं त्याला वाटलं, तपकिरी झालं की जुनं झालं. कसं तपकिरी होतं, हे बघायची त्याला गरज वाटली नाही. तुमच्यापैकी कुणालाच कधी वाटली नाही. तीस वर्षं पेटी उन्हात ठेवलीत."

"मुद्द्यावर या."

"हाच मुद्दा आहे. एबोनाइट दोन गोष्टींनी विटतं. उजेडाने, नाहीतर पाण्याने. उजेड एका बाजूने येतो. डॉन सातुर्निनोचं पेन खिडकीकडून तपकिरी आणि मागून काळं होतं. माझ्या वहीत चित्र आहे. क्लिपखाली ऊन पोचत नाही, तिथेही काळंच असणार. हे मात्र सगळीकडून सारखं. क्लिपखाली तपकिरी. टोपणाच्या आतसुद्धा! टोपणाच्या आत कुठलं ऊन? पाणी गेलं. हे पेन लालो अरोस्तेगीने काळं विकलं आणि घेणाऱ्याने गरम पाण्यात भिजवलं."

"म्हणजे स्वयंपाकघर," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना निबियाकडे वळल्या.

"वळवा, वळवा माना!" ओफेलियाचा आवाज चढला. "लालोकडे पुरुष गेला होता."

"तिने पाठवला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"असेल. म्हणून पुढचं ऐका. ज्यांच्याकडे चांदीची नळी आहे त्यांनी वर धरा."

"हा काय पोरखेळ?"

"धरा हो, दाखला हवाय ना?"

कुरकुरत, हसत एकेक नळी वर आली. सात. सहा पांढऱ्याशुभ्र. सातवी वर यायला वेळ लागला. लामासनी ती अर्धीच उचलली होती, पण शेजाऱ्याला दिसली.

"अरे फाब्रीसिओ, तुझी कोळशात ठेवतोस की काय?"

"पाण्याने झालंय," लामास म्हणाले.

"या सातही नळ्या एकाच नळाचं पाणी पितात," ओफेलिया म्हणाली. "सहा पांढऱ्या, एक काळी. दर रविवारी घासतात, बुधवारी पुन्हा काळी. महिनाभर. पेन लालोने सहा आठवड्यांपूर्वी विकलं. एबोनाइटमध्ये गंधक असतं. चांदीशेजारी कोंडून ठेवलं की चांदी काळी पडते. माझी अंगठी मी काम करताना काढून ठेवते ती याचसाठी. आणि ऊब, ओल मिळाली, शेजारी गरम थर्मास असला, तर फार लवकर पडते. पेटीची किल्ली चुलीजवळच्या खिळ्याला असते. ती तिथे आहे हे अध्यक्षांना माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन स्वतः पाणी भरणारा या क्लबात एकच सभासद आहे. पेन घासायला देऊ नका म्हणणाराही एकच. माझ्या हाती आलं की उघडं पडेल, हे त्यांना माहीत होतं. पिशवी उघडा, नोटरीसाहेब."

सभागृहात खळबळ उडाली. चोरीच्या आरोपापेक्षा पिशवीची मागणी लोकांना जास्त झोंबली.

"मातेच्या पिशवीत हात?" लामासांचा मऊ आवाज चिरकला. "उद्या खिसे तपासाल! निर्लज्जपणाची हद्द आहे!"

"मी हात घालत नाही. तुम्हीच उघडा."

लामासांची बोटं पट्ट्यावर आवळली होती. इतकी, की सगळ्यांनाच ती दिसली. एचेगोयेन खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात हुकूम होता पण दिमाख नव्हता.

"उघड, फाब्रीसिओ."

थर्मास निघाला. तुंबा निघाला. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं पेन निघालं. एका बाजूने चहासारखं तपकिरी, दुसऱ्या बाजूने काळं, आणि क्लिप जराशी उचलताच खाली तपकिरीत एक बारीक काळी रेघ.

"सोमवारी बोटीने ब्वेनोस आइरेसला जाणार होतं," लामास म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, नुसता त्रास होता. "तिथला एक संग्राहक घेणार होता. तोपर्यंत घरी ठेवायचं म्हणजे बायकोच्या हाती लागायचं. तुमच्यापैकी कुणी कधी त्या पेटीकडे पाहिलंय? तीस वर्षं तुमची भाषणं लिहून घेतली मी. एकाला तरी त्या पेनाचा रंग सांगता येईल?"

"ते खरं आहे," ओफेलिया म्हणाली. "कुणालाच सांगता येणार नाही. पण निबिया रोज ती काच पुसायची, आणि तिला तुम्ही तुरुंगात पाठवत होता."

लामासनी खांदे उडवले. "तिचं काय हो. तिला दुसरीकडेही झाडू मिळाला असता."

ओफेलियाने बरीच हलकी माणसं पाहिली होती. इतकं हलकं आणि इतक्या इस्त्रीच्या रुमालातलं पहिल्यांदाच पाहत होती. तिला शिवी सुचेना, याचाच तिला राग आला.

पोलिसांना फोन झाला. लामासना कोपऱ्यात बसवलं. सभासद एकमेकांना सांगू लागले की आपल्याला आधीपासूनच शंका होती. एचेगोयेननी कोट सारखा केला, मंचावर परत गेले आणि घंटी वाजवली.

"तर मंडळी, प्रकरण मिटलं. निबिया, नोटीस काढून टाक बरं फलकावरची. आणि सगळ्यांना पाणी ठेव."

निबिया जागची हलली नाही.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं, साहेब. नोटीस तुम्ही लावलीत, तुम्ही काढा. पण त्याआधी इथे बोला."

"काय बोलू?"

"सकाळी फोनवर मला साप म्हणालात. फलकावर चोर म्हणालात. एवढे लोक वाचून गेले. आता एवढे लोक बसलेत."

अध्यक्षांनी सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी आपापल्या तुंब्यांकडे पाहिलं. ओफेलिया हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मदत मागायची एचेगोयेनना हिंमत झाली नाही.

"चूक झाली," ते ओठातल्या ओठात म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

"काय चूक?"

एचेगोयेनांचा गळा लाल झाला. "निबिया तेचेरा यांनी चोरी केली नाही. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. मी माफी मागतो."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. निबियाने त्याच्याकडे पाहिलं तसे ते खाली गेले. मग ती मंचाच्या अगदी जवळ गेली, मान वर करून अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, साहेब. पुन्हा सांगा."

आणि डॉक्टर एचेगोयेननी ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.